व्यवसाय-संशोधनाचे संदर्भ कसे द्यायचे? गाइडनी दुसरं प्रकरण लाल करून परत दिलंय

तुरीच्या_शेंगा | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी लातूरकडची. वाणिज्य विषयात पीएचडी करायलेय. विषय आहे लातूर जिल्ह्यातल्या डाळ मिलचं खेळतं भांडवल. प्रबंध मराठीत लिहितेय आणि विभागाचा आग्रह संदर्भ देण्याच्या एपीए पद्धतीचा, सातव्या आवृत्तीचा.

काल सरांनी दुसरं प्रकरण परत दिलं. ४६ पानं, आणि त्यात ३१ ठिकाणी लाल शाईनं एकच शब्द: "कुठून?" बाकी काही नाही. ना रागावले, ना समजावलं.

मी पुस्तकांचे आणि शोधनिबंधांचे संदर्भ नीट दिलेत. घोळ बाकीच्यांचा आहे. एका मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल आहे, त्याला वर्ष कोणतं लावू? तुरीचे भाव व्हॉट्सअ‍ॅपच्या भाव-ग्रुपवरून घेतलेत. पेपरची कात्रणं आहेत. 'भारतीय डाळ बाजार' असा नेटवर सापडलेला एक मार्केट रिपोर्ट आहे. लघुउद्योगाची व्याख्या एका जुन्या प्रबंधातून उचललीय. शिवाय मिलमालकांच्या मुलाखती. यातलं पुस्तकासारखं काहीच नाही. कुणी वाट दाखवील का?

भुईनळा | सोमवार, रात्री ९:५२

३१च? आमच्या सरांनी माझ्या मुखपृष्ठावर "कुठून?" लिहिलं होतं. मी खरंच गावाचं नाव लिहून आणलं.

परभणीचे_ग्रंथपाल | सोमवार, रात्री १०:३०

ताई, आधी सरांचे आभार माना. मी कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली. "कुठून?" विचारणारे गाइड हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच भेटले.

कोणताही कागद हातात घेतला की चार गोष्टी शोधायच्या: कुणी लिहिलं, कधी, नाव काय, आणि दुसऱ्याला ते कुठं मिळेल. एपीए म्हणा नाहीतर दुसरं काही, हे चारच दाणे वेगवेगळ्या क्रमानं मांडतात. आणि एक पथ्य पाळा. जे डोळ्यांनी पाहिलं त्याचाच संदर्भ द्या. तुमच्या जुन्या प्रबंधानं सरकारी अधिसूचनेचा हवाला दिला असेल आणि तुम्ही प्रबंधच वाचला असेल, तर अधिसूचना वाचल्याचा आव आणू नका. एक तर मूळ अधिसूचना उघडा, नाहीतर "अमुक प्रबंधात उद्धृत" असं स्पष्ट लिहा. सूचीत तेव्हा प्रबंधच येतो, अधिसूचना नाही.

कात्रणांबद्दल. "आमच्या प्रतिनिधीकडून" हे लेखकाचं नाव नव्हे. बातमीवर नाव नसेल तर मथळा पहिल्या जागी येतो, मग तारीख, मग दैनिक आणि पान. आवृत्तीही टिपून ठेवा. लातूर आवृत्तीत पान ३ वर असलेली बातमी नांदेड आवृत्तीत पान ५ वर असते, कधी नसतेच. कात्रणावर तारीख नसेल तर ते कात्रण पुरावा म्हणून गेलंच समजा. ग्रंथालयात जाऊन जुनी फाइल चाळा, धूळ खाल्ल्याशिवाय पीएचडी होत नसते.

शासन निर्णय वापरला असेल तर क्रमांक आणि दिनांकासोबत त्याचा १८ अंकी संकेतांकही द्या. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला की नेमका तोच कागद उघडतो. संकेतस्थळाचे पत्ते दर दोन-चार वर्षांनी बदलतात, संकेतांक तसाच राहतो.

सळई | मंगळवार, सकाळी ७:१५

मी जालन्याचा, एका रोलिंग मिलच्या हिशोबात बसतो. पीएचडी नाही, पण वार्षिक अहवाल आयुष्यभर चाळलेत म्हणून लिहितो.

वर्षाचा घोळ सगळ्यांचा होतो. अहवाल २०२२-२३ चा, म्हणजे ३१ मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षाचा. तो छापून बाहेर येतो त्यानंतर, २०२३ मध्येच. म्हणून कंसात २०२३ आणि २०२२-२३ हे शीर्षकात. असं: कंपनीचं नाव. (२०२३). वार्षिक अहवाल २०२२-२३. पुढं संकेतस्थळाचा पत्ता. कंपनीच लेखक आणि कंपनीच प्रकाशक, म्हणून प्रकाशक परत लिहायचा नाही. त्याच वर्षी त्याच कंपनीचा दुसरा कागद घेतला असेल तर २०२३अ, २०२३आ.

पण ताई, खरा अपघात पुढं आहे. एकाच अहवालात दोन ताळेबंद असतात, एक नुसत्या कंपनीचा आणि एक उपकंपन्यांसह एकत्रित. उलाढालीचे दोन आकडे, दोन्ही खरे. तुम्ही कोणता घेतला ते वाक्यातच सांगा आणि पान क्रमांक द्या. शंभर-दोनशे पानांचा अहवाल नुसता "कंपनी, २०२३" म्हणून टेकवला तर वाचणारा कुठं शोधणार? आणखी एक. मागच्या वर्षाचा आकडा यंदाच्या अहवालात कधीकधी फेरमांडणी होऊन बदललेला दिसतो. तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच अहवालातून घ्या, नाहीतर टीप द्या.

तुरीच्या_शेंगा | मंगळवार, सकाळी ८:०५

दादा, हे सोन्यासारखं आहे. मी एका वर्षाचा एकत्रित घेतलाय आणि दुसऱ्याचा नुसता. आत्ता बघितलं. बरं झालं सरांच्या आधी मला कळलं.

पण आमच्याकडच्या बहुतेक डाळ मिल शेअर बाजारात नाहीत. त्यांचं काय करावं?

सळई | मंगळवार, दुपारी १:२०

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये फी भरून कागद बघता येतात. एओसी-४ मध्ये ताळेबंद, एमजीटी-७ मध्ये वार्षिक विवरण. एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) असेल तर फॉर्म ८ आणि फॉर्म ११. संदर्भात फॉर्मचं नाव, आर्थिक वर्ष आणि कंपनीचा ओळख क्रमांक द्या. भागीदारी पेढी किंवा एकट्याचा धंदा असेल तर तिथं काही नाही, आणि डाळ मिल बहुतेक तशाच.

अशा वेळी एक जागा लोक विसरतात. बँकेचं मोठं कर्ज घेतलेल्या पेढ्या पतमानांकन करून घेतात आणि त्या संस्था मानांकनाचं टिपण फुकट संकेतस्थळावर टाकतात. त्यात उलाढाल, कर्ज, कच्चा माल कधी भरतात, पैसा किती दिवस अडकतो, असं सगळं दोन-चार पानांत. तुमच्या खेळत्या भांडवलाला याच्यापेक्षा जवळचं काय मिळणार? लेखक म्हणजे मानांकन संस्था, मिल नव्हे. तारीख दिवसासकट द्या, कारण दरवर्षी नवं टिपण येतं. आणि वर "इश्युअर नॉट कोऑपरेटिंग" असा शेरा असेल तर सावध. म्हणजे पेढीनं माहिती दिलेली नाही, संस्थेनं हाती होतं त्यावर भागवलंय. आतले आकडे बऱ्याचदा जुने असतात. तो शेरा तुमच्या वाक्यात यायला पाहिजे.

शॉर्टकट | मंगळवार, दुपारी २:४४

एवढं कोण बघतंय राव? झोटेरो या संदर्भांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, बटन दाबा, सूची तयार. नाहीतर एआयला सांगा. दहा मिनिटांत तीस संदर्भ.

पीएचडीग्रस्त | मंगळवार, दुपारी ३:३१

शॉर्टकटराव, मी सांगतो काय होतं ते. मागच्या वर्षी एका चॅटबॉटला 'मराठवाड्यातील कृषी प्रक्रिया उद्योग' यावर संदर्भ मागितले. सात दिले. लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पानं, सगळं ठाकठीक. प्रगती अहवालाच्या दिवशी बाहेरून आलेल्या मॅडमनी मोबाइलवर पहिला शोधला. नाही. दुसरा शोधला. नाही. मग त्यांनी मोबाइल माझ्याकडं दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच शोधा." सातांतला एकही जगात नव्हता. त्यातला एक लेखक खरा होता, पण त्यानं असं काही लिहिलेलंच नव्हतं.

आता मी प्रत्येक डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, स्वतः उघडतो. उघडला नाही तर मथळा जसाच्या तसा अवतरण चिन्हांत शोधतो. तोही नाही सापडला तर काढून टाकतो, मग तो माझ्या गृहीतकाला कितीही गोड बसत असो.

गोदाकाठची | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

नांदेडहून लिहितेय, कॉलेजात वाणिज्य शिकवते. झोटेरो वाईट नाही, मीही वापरते. पण ते बिचारं 'महाराष्ट्र शासन'ला माणूस समजतं. शासन हे आडनाव, महाराष्ट्र हे नाव, आणि सूचीत छापून येतं "शासन, म." मी एका प्रबंधात हे खरंच पाहिलंय. तिथंच 'बँक, भा. रि.' पण होते. संस्था असेल तर नावाच्या चौकटीत एकच रकाना ठेवायचा पर्याय आहे, तो निवडायचा.

तुरीच्या शेंगा, तुमच्या व्याख्येकडं वळते, कारण तिथं नुसता संदर्भ चुकत नाही, विश्लेषणच कोसळतं. जुना प्रबंध किती जुना? २००६ च्या कायद्यात उत्पादन क्षेत्रातला सूक्ष्म उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीत २५ लाखांपर्यंत गुंतवणूक, आणि लघु म्हणजे ५ कोटींपर्यंत. १ जुलै २०२० पासून उलाढालही मोजायला लागले: सूक्ष्मला गुंतवणूक १ कोटी आणि उलाढाल ५ कोटी, लघुला १० आणि ५० कोटी. १ एप्रिल २०२५ पासून परत वाढलं: सूक्ष्मला अडीच कोटी आणि १० कोटी, लघुला २५ आणि १०० कोटी.

डाळ मिलमध्ये यंत्रं त्या मानानं स्वस्त आणि उलाढाल प्रचंड, कारण तूरच महाग. म्हणजे तीच मिल, तेच शेड, तेच मालक, २०१९ च्या व्याख्येनं 'लघु' आणि २०२० च्या व्याख्येनं 'मध्यम' होऊ शकते. तुम्ही २०१८ च्या अभ्यासातली टक्केवारी आपल्या २०२३ च्या आकड्यांशेजारी ठेवली असेल तर दोन वेगळ्या मापांनी मोजलेलं धान्य एका पोत्यात ओतलंय. म्हणून व्याख्येला अधिसूचनेचा संदर्भ द्या, दिनांकासह, आणि आपल्या प्रबंधात कोणती धरली ते एकदा ठणकावून सांगा.

आणि नमुना ३८४ जणांचा घेतलाय का? खरं सांगा.

तुरीच्या_शेंगा | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

मॅडम 🙈 ३८४च. डाळ मिलचे नाही, शेतकऱ्यांचे.

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ८:००

वाटलंच. हा आकडा क्रेसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या छोट्याशा लेखातल्या तक्त्यातला. लोकसंख्या दहा लाख असली की ३८४. शोधगंगेवरचे, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातले, वाणिज्याचे प्रबंध चाळा, ३८४ ची जत्रा भरलेली दिसेल. संदर्भ मात्र शेजारच्या प्रबंधाचा, नाहीतर एखाद्या ब्लॉगचा. मूळ लेख चार-पाच पानांचा आहे हो, वाचून टाका. वाचलात तर कळेल की तो तक्ता साध्या यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या, नमुन्यासाठी आहे. बाजारात भेटतील त्या शेतकऱ्यांना गाठून ३८४ भरले असतील तर तो संदर्भ तुमच्या बाजूनं साक्ष देत नाही.

माझ्या एका विद्यार्थ्यानं बँकेच्या ग्राहकांवर काम केलं आणि सेवेचा दर्जा मोजणाऱ्या सर्वक्वालला "२२ विधानं, १९८५" असं लिहिलं. १९८५ च्या लेखात संकल्पना आणि दहा पैलू होते. २२ विधानांची पाच पैलूंची मोजपट्टी १९८८ ची. लेखक तेच तिघं, नियतकालिक वेगळं. दोन्ही न वाचता तिसऱ्याकडून उचललं की असं होतं.

मुलाखतींचं सांगते. ज्या मिलमालकांच्या मुलाखती संशोधनासाठी घेतल्या ते तुमचे सहभागी, ती तुमची सामग्री. त्यांना संदर्भसूचीत घालायचं नाही. 'मिलमालक ४' असा संकेत द्या, आणि कधी, कुठं, किती वेळ बोललात ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात लिहा. सहभागी नसलेल्या एखाद्या जाणकारानं फोनवर माहिती दिली तर तो 'व्यक्तिगत संवाद'. तो फक्त मजकुरात येतो, नाव आणि तारखेसह. सूचीत तोही नाही, कारण वाचणाऱ्याला तो फोन परत ऐकता येत नाही.

कोरडवाहू | मंगळवार, रात्री १०:१८

व्हॉट्सअ‍ॅपच्या भावाबद्दल कुणी बोललंच नाही. मी औसा भागातला शेतकरी, तूर-सोयाबीन. त्या ग्रुपवरचा भाव म्हणजे सगळ्यात चांगल्या पोत्याचा भाव. आमच्या मालाला तो कधी मिळालाय? पट्टी बघा पट्टी, अडत्याची विक्रीची पावती.

परभणीचे_ग्रंथपाल | बुधवार, सकाळी ६:५०

कोरडवाहू यांनी नाडीवर बोट ठेवलं. ग्रुपवरचा भाव हा संदर्भ होत नाही. टाकणारा कोण, भाव कोणत्या बाजाराचा, कोणत्या प्रतीचा, काही ठाऊक नसतं. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभावाच्या पोर्टलवर किंवा कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर जा. तिथं बाजार समिती, वाण, तारीख आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर मिळतात. कोणता दर घेतला ते लिहा. ग्रुपवाले कमाल सांगतात आणि प्रबंधात तोच 'सरासरी' होऊन बसतो. आवकेचं एकक तपासा, एकीकडं टनांत असते आणि दुसरीकडं क्विंटलमध्ये. ही माहिती मागाहून दुरुस्तही होते, त्यामुळं इथं "अमुक दिनांकास पाहिले" असं लिहायचंच. एपीएच्या सातव्या आवृत्तीत पाहिल्याची तारीख एरवी लागत नाही. बदलत्या पानांना मात्र लागते.

आडत पट्ट्या मिळाल्या तर उत्तमच. ती प्राथमिक सामग्री, नावं झाकून परिशिष्टात.

वाळूज_शिफ्ट | बुधवार, दुपारी १२:०५

मधेच विचारतो. माझा एमबीएचा प्रकल्प वाळूजच्या सुट्या भागांच्या पुरवठादारांवर. जुन्या अहवालांच्या नावात 'औरंगाबाद', नव्यात 'छत्रपती संभाजीनगर'. सूचीत सगळीकडं एकच करू का? मित्र म्हणतोय फाइंड-रिप्लेस मार.

परभणीचे_ग्रंथपाल | बुधवार, दुपारी १२:४०

अजिबात मारू नका. शीर्षक जसं छापलंय तसंच राहतं. २०११ च्या जनगणनेच्या पुस्तिकेवर औरंगाबाद आहे, उस्मानाबाद आहे, तर सूचीत तेच. तुम्ही नाव बदललंत की कुणालाही ते पुस्तक सापडणार नाही, कारण त्या नावाचं पुस्तकच नाही. तुमच्या स्वतःच्या वाक्यांत आजचं नाव लिहा आणि पहिल्या वेळी "तत्कालीन औरंगाबाद" अशी नोंद करा. कंपन्यांनाही हाच नियम. अहवालावर जे नाव तेच लेखकाचं नाव.

तुरीच्या_शेंगा | बुधवार, रात्री ९:१५

तो 'मार्केट रिपोर्ट' राहिला. त्यात "भारतीय डाळ बाजार अमुक अब्ज डॉलरचा" असं आहे. पूर्ण अहवाल लाखाच्या वर रुपयांचा. मी फुकट मिळालेलं पान वाचलंय.

गोदाकाठची | बुधवार, रात्री ९:५०

मग तुम्ही अहवाल वाचलेला नाही, जाहिरात वाचलीय. वापरायचंच असेल तर त्या प्रसिद्धीपत्रकाचा संदर्भ द्या, अहवालाचा नाही. मी असते तर काढून टाकलं असतं. कशाला पाहिजे तुम्हाला अब्ज डॉलर? तुमचा विषय लातूर. नाबार्डची जिल्ह्याची संभाव्यतायुक्त ऋण योजना बघा, जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' बघा, राज्याची आर्थिक पाहणी बघा. सगळं फुकट, आणि लेखक म्हणून खातं उभं आहे. आकड्यांची चित्रं विकणारी जी संकेतस्थळं आहेत, त्यांच्या आलेखाखाली बारीक अक्षरांत मूळ स्रोत दिलेला असतो. निम्म्या वेळा तो आपल्याच मंत्रालयाचा असतो. थेट तिकडं जा.

शॉर्टकट | बुधवार, रात्री १०:३०

पण इतके संदर्भ दिले तर नक्कल तपासणारं सॉफ्टवेअर साम्य दाखवील ना? दहा टक्क्यांच्या वर गेलं की बोंब.

पीएचडीग्रस्त | बुधवार, रात्री ११:०२

यूजीसीच्या २०१८ च्या नियमात संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणं मोजणीतून वगळलीत. दहापर्यंत दंड नाही, दहा ते चाळीसला दुरुस्त करून परत, चाळीस ते साठला वर्षभर बंदी, साठच्या वर नोंदणीच रद्द. उलट गंमत अशी की आकडा उचलून वाक्य आपलं केलं तर सॉफ्टवेअरला काही दिसत नाही. तो फक्त तुरीच्या शेंगांच्या सरांनाच दिसतो.

तुरीच्या_शेंगा | बारा दिवसांनी, सोमवार, रात्री ९:२०

परत आले. प्रकरण ४६ चं ३९ पानांवर आलं, कारण ज्याचं "कुठून?" सांगता येईना ते काढलं. अब्ज डॉलर गेले. ग्रुपचे भाव गेले. तीन वर्षांचे सर्वसाधारण दर महिनावार उतरवून घेतले आणि खरंच, मी ज्याला सरासरी म्हणत होते तो कमाल निघाला. दोन मिलची मानांकन टिपणं सापडली, त्यातल्या एकावर तो सहकार्य नसल्याचा शेरा होता. तोही लिहिला.

सरांनी आज परत दिलं. ३१ चे आता १. ते एक वाक्य असं: "हंगामात अडत्याची उधारी चुकवायला मिलला साधारण पंधरा दिवस लागतात." हे मला माझ्या बाबांनी सांगितलं. ते एका मिलमध्ये मुनीम आहेत. बापाचा संदर्भ कसा द्यायचा?

परभणीचे_ग्रंथपाल | सोमवार, रात्री ९:४५

ताई, ते नमुन्यात नसतील तर व्यक्तिगत संवाद, आद्याक्षरं आणि तारीख. नमुन्यात घेतलंत तर संकेत, आणि पद्धतीच्या प्रकरणात नातं लपवायचं नाही. दोन्हींत आधी त्यांची परवानगी.

गोदाकाठची | सोमवार, रात्री ९:५८

आणि पंधरा दिवस एकट्याच्या तोंडून घेऊ नका. अजून दोन-तीन मुनिमांना विचारा.

तुरीच्या_शेंगा | सोमवार, रात्री १०:३०

बाबांना विचारलं. म्हणाले, "माझं नाव नको घालू माय, शेठनं वाचलं तर?" मग म्हणाले, "आन् पंधरा नाही, वीस लिही. पंधरा आम्ही अडत्याला सांगतो."

मुनीम १ म्हणून घेतेय. उद्या मुनीम २ कडं जाते.